मागे ठेवावे ते नीट लावून ठेवावे
(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



‘संपत्ती आणि वारसा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी केली, तीस मान देऊन मी उभा आहे. विषय काहीसा अशुभ वाटण्याचा संभव आहे. आपल्या मागे घरच्यांचे कसे व्हावे, असा शब्द काढला की घरातील माणसे ‘भलतेच काय बोलता’ म्हणून विषय बदलतात. परंतु लग्नाच्या याद्या सहा सहा महिने आधी करणाऱ्या समाजाने, जी गोष्ट लग्नाहूनही निश्चित आहे तिची याद करावयास का कचरावे?

प्रथम सरकारच्या करासंबंधी. पुष्कळांची अशी समजूत आहे की, माणूस गेला म्हणजे त्याच्या मिळकतीवर कर बसतो. पूर्वी तसे होते. १९५३ च्या कायद्याने ‘इस्टेट ड्यूटी’ म्हणजे मृत्युकर लागू झाला. १६ मार्च १९८५ पासून घडलेल्या मृत्यूंना तो लागू नाही. देणगीकर १९९८ साली आणि संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. म्हणून वडिलांचे घर वा ठेव मुलास मिळाली, तर त्या मिळण्यावर आज कर नाही. त्या ठेवीचे पुढे व्याज आले, तर मात्र ते मुलाचे उत्पन्न होय. आणि घर विकल्यास नफ्याचा हिशेब वडिलांच्या मूळ खरेदीपासून मांडला जातो. त्यासाठी जुने खरेदीखत जपून ठेवावे. पत्नीच्या नावे रक्कम केली की व्याजावरील कर टळतो, हाही एक भ्रम आहे. ते व्याज देणाऱ्या पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

मग आपल्या वारसांचे नुकसान कोण करतो? सरकार नव्हे, तर आपले मौन आणि आपला अव्यवस्थितपणा. याची तीन ठिकाणे मी आपणापुढे मांडतो.

पहिले ठिकाण नामनिर्देशनाचे. बँकेत ‘नॉमिनी’ म्हणून ज्याचे नाव लिहिले तोच मालक, असे आपण धरून चालतो. वस्तुतः नॉमिनी हा पैसे हाती घेणारा विश्वस्त होय. मालक कोण, हे मृत्युपत्र ठरविते आणि ते नसेल तर वारसाहक्काचा कायदा ठरवितो. नोकरीतील तरुणाने लग्नापूर्वी आईचे नाव लिहिलेले असते, पुढे लग्न होते, आणि ते नाव बदलावयाचे राहून जाते. अशाच एका प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ नॉमिनी म्हणून आई संपूर्ण रकमेची धनीण होत नाही, विधवेचाही त्यात वाटा आहे. विम्याच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, पती-पत्नी व मुले यांच्या नामनिर्देशनास अधिक वजन दिले आहे. बँकेच्या ठेवीस १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावांपर्यंत नामनिर्देशन करता येते. घरी गेल्यावर प्रत्येकाने पासबुके काढून नावे तपासावी. बऱ्याच घरांत दिवंगत माणसांची नावे अद्याप नांदत असल्याचे आढळेल.

दुसरे ठिकाण निवृत्तिवेतनाचे. पेन्शन ही आपल्यासारख्या नोकरदारांची खरी जमीनदारी. परंतु ती मृत्युपत्राने कोणास देता येत नाही. कुटुंबनिवृत्तिवेतन हा मृताच्या मिळकतीचा भाग नव्हे, ते नियमाने ठरलेल्या व्यक्तीसच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ते सामान्यतः अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असते. अर्ध्या पेन्शनवर दोघांचा संसार चालतो, परंतु त्याहून कमी रकमेत एकटीचे औषधपाणी चालविणे कठीण, हे ध्यानी घेऊन पत्नीच्या नावे वेगळी पुंजी ठेवावी. पेन्शनच्या आदेशात तिचे नाव व जन्मतारीख आधारपत्राशी जुळते की नाही हे आजच पाहावे. एका अक्षराच्या फरकापायी शोकातल्या बाईस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. कमावण्यास असमर्थ असे अपंग अपत्य असल्यास त्याची नोंद हयातीतच करावी, कारण त्यास आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. नव्या पेन्शन योजनेतील तरुणांनी वार्षिकी घेताना आपल्या पश्चात पत्नीस ती चालू राहील असाच पर्याय निवडावा.

तिसरे ठिकाण सर्वांत नाजूक. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत १९५६ च्या कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांस समान मिळते. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद आहे. महाराष्ट्राने ते पाऊल १९९४ सालीच उचलले होते. २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णयही २०२० साली झाला. कायदा इतका पुढे गेला; आपण कोठे आहो? तेराव्यास आलेल्या लेकीसमोर हक्कसोडपत्र ठेवावयाचे, ‘माहेर तुटेल’ या भयाने तिने सही करावयाची, आणि आपण म्हणावयाचे की तिने आनंदाने सोडले! तिच्या मनास येईल तर तिने जरूर सोडावे; परंतु पित्याचे सूतक फिटण्यापूर्वी मागितलेली सही ही स्वेच्छा नव्हे. माहेर प्रेमाने टिकते, कागदाने नव्हे. ज्ञातीतील पंचमंडळींनी अशा सहीस साक्षीदार म्हणून उभे राहू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

या तिन्हींवर उपाय एकच, आणि तो म्हणजे मृत्युपत्र. त्यास मुद्रांकाचा कागद लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. शुद्धीवर असताना स्पष्ट शब्दांत लिहावे, दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, त्यांच्याही सह्या घ्याव्या. ज्यास काही मिळावयाचे आहे त्यास साक्षीस न घेणे शहाणपणाचे. मनात बदल झाला तर ते बदलता येते. हयातीत बक्षीसपत्र करून घर देऊन टाकले, की ते सहसा परत येत नाही. मुलांनी सांभाळ करावा या अटीवर दिले असेल आणि ती मोडली, तर २००७ च्या कायद्याने न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते; पण म्हातारपणी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज लिहिण्याची वेळ कशास आणावी? घर पत्नीच्या हयातीपर्यंत तिचे, आणि मग मुलामुलींचे, असे लिहिले की तिला कोणी ‘वर्षातून चार महिने तुझ्याकडे, चार महिने माझ्याकडे’ असे वाटून घेऊ शकत नाही.

ज्यांची मुले इंग्लंडात स्थायिक आहेत त्यांच्यासाठी एक शब्द. तेथे मृत्युकर जिवंत आहे: साधारणपणे ३,२५,००० पौंडांवरील मिळकतीस ४० टक्के. वीस वर्षांतील दहा वर्षे तेथे राहिलेल्याची भारतातील मिळकतही एप्रिल २०२५ पासून त्यात येऊ शकते. आणि ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शनपुंजीही मोजण्याचे तेथे ठरले आहे. म्हणून येथील शेत वा घर त्यांच्या नावे लिहिण्यापूर्वी त्यांनी तेथील जाणकारास विचारावे.

बंधुभगिनींनो, संपत्ती थोडी असो वा फार, तिचा वारसा रकमेत मोजला जात नाही. भाऊबहिणींचे बोलणे चालू राहिले आणि विधवेस स्वतःच्या घरात परक्यासारखे बसावे लागले नाही, तर तो वारसा नीट पोहोचला असे समजावे. पुढील संमेलनापर्यंत प्रत्येक घरी एक कागद लिहिला जावो, आणि तो लिहिताना पत्नी व मुली शेजारी बसलेल्या असोत, एवढीच इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतो.