पुढचं चाक वर, पाय ब्रेकवर

आज आम्ही बचत, हप्ते, व्याज यांवर बोलणार नाही. ते आपलं दर महिन्याचंच आहे. आज बोलायचंय मोटारसायकलचं पुढचं चाक हवेत उचलण्याबद्दल. हसू नका, आधी ऐका.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याचे रस्ते कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. भुशी धरणाकडे, लायन्स पॉइंटकडे गाड्यांची रांग लागलेली असते आणि त्या रांगेच्या कडेने एखादा पोरगा एका चाकावर गाडी पळवत जातो. मागे बसलेला मित्र मोबाइलवर शूटिंग करतो. याला व्हीली म्हणतात. आम्ही बाजाराच्या पिशव्या सांभाळत उभ्या असतो आणि आमच्या तोंडून एकच निघतं, 'मेलं कुणाचं पोर आहे हे!'

तर मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक सखी आली ती डोळे पुसतच. बचत गोळा व्हायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक लहानशी मोटारसायकल, तिचं पुढचं चाक वर, आणि गाडीवर तिची स्वतःची लेक. वीस वर्षांची. पवनेच्या काठी पर्यटकांचे तंबू लागतात, तशाच एका ठिकाणी ती हिशेब लिहायला जाते. तिथे मातीत चालवायच्या छोट्या गाड्या आहेत. सोमवार ते गुरुवार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तिथला शिकवणारा दादा तिला शिकवत होता.

"हिला थांबवा," आई म्हणाली. "माझं ऐकत नाही, गटाचं ऐकेल. पाय मोडला तर उद्या स्थळ कोण आणील?"

सगळ्यात जास्त आवाज चढवला तो आमच्या दूधवाल्या वहिनींनी. पोरीची जात, हे कसले नाद, वगैरे. त्यावर एक आजीबाई म्हणाल्या, "घाटात बैलगाडा पळवणाऱ्या पोराला आपण फेटा बांधतो. तिथं नाही का पडत कुणी?" झालं, अर्धा तास बैठक तिथेच. शेवटी ठरलं की म्हशीसाठी कर्ज देण्याआधी आपण गोठा बघायला जातो, तसं हेही आधी बघून येऊ.

मंगळवारी सकाळची कामं उरकून आम्ही पाचजणी कामशेतहून जीपने पवनानगरला गेलो. आई बरोबर होतीच, दूधवाल्या वहिनीही होत्या.

गाडी पाहिली तर केवढीशी! एकशे दहा सीसीची, वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास. म्हणजे दीड पोतं तांदूळ. तिला दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही. अशी गाडी रस्त्यावर आणायला परवानगीच नसते, टेम्पोत घालून आणतात आणि मैदानातच चालवतात. पोरीने हेल्मेट घातलं, हातमोजे, गुडघ्याला आणि कोपराला ढाली, छातीला कवच, घोट्याच्या वरपर्यंत बूट. पंधरा मिनिटं तयारीच चालली होती. आई म्हणाली, "बहिणीच्या लग्नाला एवढी नटली नव्हती."

आम्हाला वाटलं, आता ही जोरात येणार आणि चाक उचलणार. तसं काहीच नाही. पहिला तासभर तिने चाक वीतभराच्या वर नेलंच नाही. पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने यायचं, अंग थोडं पुढे दाबायचं, मग हात सरळ ठेवून मागे जायचं आणि त्याच क्षणी मूठ पिळायची. चाक जरा उठलं, की उजव्या पायाने मागचा ब्रेक टेकवायचा. चाक खाली. पुन्हा तेच. वीस वेळा, पन्नास वेळा. आम्ही दादाला विचारलं, "वर कधी न्यायचं?" तो म्हणाला, "ताई, वर न्यायला मूठ पुरते. खाली आणणं शिकायला महिना लागतो."

मागचा ब्रेक चाक खाली कसं आणतो, हे आम्हाला कळेना. त्याने बैलगाडीवरून सांगितलं. गाडीत भार मागे गेला की जू वर उचलतं, बैलाच्या मानेवरून सुटायला बघतं. आपली म्हातारी माणसं म्हणतात, गाडी उलाळली. मोटारसायकलचंही तेच. इंजिन मागच्या चाकाला पुढे ढकलतं, भार मागे पडतो, तोंड हलकं होतं. मागचं चाक ब्रेकने रोखलं की भार पुढे येतो आणि तोंड खाली बसतं. पुढचा ब्रेक दाबून उपयोग नाही, कारण पुढचं चाक हवेत आहे.

आणि चाक वर असताना गाडी स्थिर धरायची नसते, हे आम्हाला फार पटलं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई मान ताठ धरते असं बघणाऱ्याला वाटतं. पण मान सारखी बारीक-बारीक हलत असते, म्हणून तर हंडा हलत नाही. पोरगी तेच करत होती. मुठीने थोडं वर, ब्रेकने थोडं खाली, गुडघ्यांनी डावीकडे-उजवीकडे.

मग ती पडली. सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल यांनी गोडगोडच सांगितलं. एकदा चाक जास्त वर गेलं आणि गाडी तिच्या खालून निघून गेली. पोरगी मागच्या मागे पायांवर उतरली, दोन पावलं धडपडली आणि बसली. आई तिथेच मटकन खाली बसली. दादा पळत आला, पण रागावला नाही. लागलं नाही ना ते बघितलं आणि एवढंच विचारलं, "पाय कुठे होता?"

पोरगी म्हणाली, "ब्रेकवर नव्हता."

इथे आमच्या दूधवाल्या वहिनी एकदम म्हणाल्या, "माझाही नव्हता."

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागलो. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात मोडला होता, हे गावाला माहीत आहे. पण कसा मोडला, ते त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नीट सांगितलं. सकाळी खाली डेअरीला दूध घालून त्या वाडीवर परत निघाल्या होत्या. मागे कॅरिअरवर सरकी पेंडीचं पन्नास किलोचं पोतं, त्यावर रिकाम्या किटल्या. चढावर समोरून जीप आली म्हणून थांबल्या. पुन्हा निघताना क्लच झटकन सुटला, पुढचं चाक वर आलं आणि गाडी त्यांच्या अंगावर. चार महिने हात गळ्यात होता. त्या म्हणत आल्या की त्या चढाला नजर आहे. कुणी म्हणालं रस्ता वाईट, कुणी म्हणालं बाईमाणसाने गाडी कशाला चालवावी. पोतं मागच्या चाकाच्याही मागे बांधलं होतं, हे कुणीच म्हणालं नाही. त्या न शिकताच एका चाकावर गेल्या होत्या, असं दादा म्हणाला तेव्हा त्याही हसल्या.

दादाने मग आमच्यासाठी वेगळा धडा घेतला. तो ज्यांना चढावरच्या वाड्यांवर ये-जा करावी लागते त्यांनी लक्ष देऊन ऐका. जड पोतं कॅरिअरच्या टोकाला बांधू नका. अर्धं-अर्धं करून दोन्ही बाजूंना, खाली आणि होईल तितकं पुढे घ्या. दोन खेपा झाल्या तरी चालतील. चढावर थांबलात तर डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. निघताना अंग पुढे झुकवा, क्लच हळूहळू सोडा, गाडी ओढायला लागली की मगच ब्रेकवरून पाय काढा. तोंड उचलतंय असं वाटलं तर मूठ सोडून द्या आणि मागचा ब्रेक दाबा. घाबरलेलं माणूस मागे कलतं आणि तोल सावरायला मूठ घट्ट धरतं, तशी ती आणखी पिळली जाते. गाडी उलटते ती बहुतेक तिथेच. स्कूटी असेल तर मागचा ब्रेक डाव्या हातात असतो, हे आधी सपाटीवर हाताला सवयीचं करून घ्या. आणि साडीचा पदर खोचलेला हवा. मागच्या चाकाला साडीगार्ड असलं पाहिजे असा मोटार वाहन नियमांतच नियम आहे. आपल्याकडे पोरं ते दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकतात.

परतताना जीपमध्ये पोरगीने मोबाइलवर आणखी काय-काय दाखवलं. अनम हाशिम नावाची मुलगी, मूळची लखनौची, स्टंट शिकायला पुण्यात आली आणि 2015 साली एकशे दहा सीसीच्या स्कूटीवरून लडाखात खारदुंगला खिंडीपर्यंत गेली. बंगळुरूची ऐश्वर्या पिसे, तिने 2019 मध्ये बाहा शर्यतींचा महिलांचा जागतिक करंडक जिंकला. आणि 2024 च्या जानेवारीत आपल्या पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, मातीचे उंचवटे करून सुपरक्रॉसची शर्यत झाली. आई सगळं बघत होती. बोलली काहीच नाही.

पण मैत्रिणींनो, खरी बैठक त्याच्या पुढची होती.

दूधवाल्या वहिनींचा हात मोडल्यापासून पहाटे पाच वाजता दूध कोण नेतं? त्यांचा मुलगा. वय सोळा. गाडी कुणाच्या नावावर? वहिनींच्या, कारण ती गटाच्या कर्जातून घेतली. आणि त्या दिवशी बैठकीत पोरगीने सहज सांगून टाकलं, "काकू, तो पण उचलतो चाक. डांबरी रस्त्यावर. किटल्या रिकाम्या असल्या की."

वहिनींचा चेहरा उतरला.

आम्ही त्यांना कायदा वाचून दाखवला, तो तुम्हालाही सांगतो. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम 199 अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे आपणच सिद्ध करायचं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. गटातून गाड्या आपण बायकांच्या नावावर घेतो, याचा आपल्याला अभिमान आहे. पण नाव आपलं आणि किल्ली पोराच्या खिशात, असं किती घरांत आहे ते मनातल्या मनात मोजा.

आम्ही ठराव मांडला. दुचाकीसाठी कर्ज हवं असेल तर चालवणाऱ्याचं लायसन दाखवायचं, हेल्मेटची किंमत कर्जातच धरायची आणि अठराच्या आतल्या मुलाला किल्ली द्यायची नाही.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "मग पहाटे माझं दूध कोण नेणार? ठराव नेणार का?"

कुणी काही बोललं नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या नवऱ्याची रात्रपाळी असते, तो सातशिवाय घरी येत नाही. दूध तोवर थांबत नाही. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं हे खरं, पण तसली पेट्रोलची गाडी आता शोरूममध्ये दिसत नाही, आणि दिसली तरी वाडीच्या चढाला टिकणार नाही. ठराव त्या दिवशी तसाच राहिला. इतिवृत्तात आम्ही लिहिलं, 'चर्चा झाली'.

चार दिवसांनी व्हिडिओतली तीच पोरगी वहिनींच्या दारात गेली. म्हणाली, "काकू, तुम्हीच परत चालवा की. मी शिकवते." जिच्यावर त्या सगळ्यात जास्त ओरडल्या होत्या ती. वहिनी आधी नाहीच म्हणाल्या. हात दुखतो, डोळ्यांपुढे तो चढ येतो. मग एका रविवारी गायरानावर आल्या, हेल्मेट घालून, पदर खोचून. आम्हीही बघायला गेलो. पहिला दिवस फक्त मागचा ब्रेक. दुसरा दिवस तोच. गाडी चालू करायलाच पोरगीने तिसऱ्या दिवशी परवानगी दिली. वहिनींचा मुलगा बांधावर बसून हसत होता, त्याला तिने सांगितलं, "तुझा पाय कधी ब्रेकवर असतो का, ते आठव." तो गप्प झाला. ऐकलं की नाही, ते सांगता येत नाही. किल्ली अजून अधूनमधून त्याच्याकडे असते, हेही आम्हाला माहीत आहे.

यात एक गोष्ट उघडी पडली. इतकी वर्षं दूध नेलं, पण वहिनींकडे लायसन नव्हतंच. मग गटात विचारलं तर आणखी तिघींकडे नव्हतं, आणि आमच्यातल्या ज्या ठराव मांडायला पुढे होत्या त्यांतल्या एकीकडेही नव्हतं. आता पाचजणींनी शिकाऊ लायसनचा अर्ज भरलाय. आधार असेल तर तो ऑनलाइन भरता येतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, पक्क्यासाठी तीस दिवसांनंतर परीक्षा देता येते.

पोरीची आई अजूनही मैदानावर गेली की कुंपणाला पाठ करून उभी राहते. पण जाते. येताना दादासाठी डब्यात भाकरी नेते.

आणि वहिनी मागच्या आठवड्यात अर्धं पोतं दोन्ही बाजूंना लावून त्या चढावर गेल्या. पोरगी मागून चालत होती. मध्यावर मुद्दाम थांबवलं. वहिनींनी डावा पाय टेकला, उजवा ब्रेकवर ठेवला, पुढे झुकल्या आणि सावकाश निघाल्या. वर पोचल्यावर हेल्मेट काढून त्यांनी विचारलं, "काय गं, ते एका चाकाचं मला जमेल का?"

ती म्हणाली, "आधी लायसन येऊ द्या, काकू."