अनुभव हवा, पण द्यायचा कुणी?

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याने विचारलं, "दादा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या अरीनात आता नव्याने उतरू का?" मी 'हो, ये की' असं लिहायला घेतलं आणि थांबलो. मावसभाऊ आठवला. त्याला या गेममध्ये मीच ओढलं होतं. तीन महिने सबस्क्रिप्शन भरून त्याने गेम सोडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेम २००४ सालचा. विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट, पुढे अमेरिकेत महिन्याला साधारण १५ डॉलर. अरीना आली २००७ मध्ये, 'द बर्निंग क्रुसेड'सोबत. दोन विरुद्ध दोन, तीन विरुद्ध तीन. जिंकलात की रेटिंग चढतं, हरलात की उतरतं.

लोक म्हणतात, नव्या माणसाला गिअर अडवतं. एकेकाळी हे खरं होतं. जुन्या खेळाडूचं चिलखतच असं असायचं की नवखा दोन फटक्यांत आडवा. पण २०२२ च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये हे बरंच बदललं. रेटिंग कमी असलं तरी कॉन्क्वेस्ट पॉइंट्स साठवून घेतलेलं गिअर लढाईत वरच्यांच्या तोडीचं ठरू लागलं. ही भिंत नेटाने खेळून ओलांडता येते.

दुसरी भिंत माहितीची. समजा, समोरच्या मेजने तुम्हाला मेंढी केलं. त्यातून सोडवणारं ट्रिंकेट दोन मिनिटांतून एकदाच चालतं. ते आत्ता वापरायचं, की पुढे स्टन बसेल त्यासाठी राखायचं? क्वेस्ट आणि डंजन करताना हे कुणी शिकवत नाही, कारण तिथला राक्षस तुमचं ट्रिंकेट कधी संपतंय याची वाट बघत बसत नाही. अरीनातला माणूस बघतो. हे शंभर वेळा मेंढी होऊनच कळतं, आणि शेजारी कोणी 'अरे, थांबायचं होतंस' म्हणणारा असेल तर लवकर कळतं.

आणि तिसरी, खरी भिंत तिथेच आहे. ग्रुप फाइंडर उघडा. '१८०० चा अनुभव हवा.' नवख्याचं रेटिंग शून्य. नोकरीच्या जाहिरातीसारखंच झालं हे: अनुभवाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय अनुभव नाही.

यावर उपाय म्हणून सोलो शफल आलं. एकट्याने नाव नोंदवायचं. सहा खेळाडू, सहा फेऱ्या, दर फेरीत जोडीदार बदलतात. कल्पना छानच. पण हीलर कमी, त्यामुळे मारामारी करणाऱ्यांची रांग लांबते. शिवाय जोडीदार अनोळखी, आपण का मेलो हे सांगायला कुणी थांबत नाही. आणि खालच्या रेटिंगला समोर येणारा 'नवखा' अनेकदा पंधरा वर्षं मुरलेला गडी असतो, नवं कॅरेक्टर घेऊन आलेला.

मावसभाऊ सोडताना म्हणाला होता, "मी खेळतोय कुठे? रांगेत उभं राहायचे पैसे भरतोय." वाक्य लागलं, कारण त्या तीन महिन्यांत तो मला दर शनिवारी मेसेज करायचा, 'येतोस का टू-व्हीला?' आणि मी म्हणायचो, 'आज नको रे, रेटिंग जाईल.' कंपनीने कितीही सोयी करू द्या, ही भिंत मी स्वतः बांधली होती.

तर श्रोत्याला माझं उत्तर असं: ये, पण आधी जोडीदार शोध. पहिला महिना रेटिंगकडे बघूच नकोस, हरताना सोबत बसणारा एक माणूस मिळव. तो मिळाला नाही तर दुसऱ्या महिन्याचे पैसे भरू नकोस.

आणि जुन्या मंडळींनो, आठवड्यातली एक संध्याकाळ नवख्यासाठी द्या. शंभर-दोनशे रेटिंग जाईल, ते परत मिळतं. गेलेला माणूस मिळेलच असं नाही. मी रविवारी मावसभावाला फोन केला. 'बघतो' म्हणालाय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!