शरदाची अखेर : डोंगर आणि सपाटी यांचे हवामान
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील व्याख्यान)



पावसाळा सरून कार्तिक लागला की वर्षातील हवामानाची काळजी मिटली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य याच दिवसांत उघड्यावर पडलेले असते. कोकणात व मावळात कापलेले भात खळ्यावर येते. डोंगरउतारावर नाचणी व वरई यांची काढणी चालते. देशावर शाळू जमिनीतील ओलीवर वाढू लागतो. नाशिककडे ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षवेली फुलोऱ्यावर येतात. एका रात्रीचा अवेळी पाऊस यांपैकी कोणाचेही वर्ष बुडवू शकतो. म्हणून शरद व हेमंत यांच्या सांध्यावरील हवामान शिक्षकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख, २०२० साली ठरविलेल्या नव्या वेळापत्रकानुसार, पश्चिम राजस्थानात १७ सप्टेंबर ही आहे. महाराष्ट्रातून ते सामान्यतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघून जातात. त्यानंतर आकाश निवळते, पण जमीन ओली व हवा दमट असते. त्यामुळे ऑक्टोबरातील ऊन अंगाला अधिक जाचते. नोव्हेंबरात वारे ईशान्येकडून व उत्तरेकडून वाहू लागतात, हवा कोरडी होते आणि थंडीला प्रारंभ होतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वातविक्षोभांमुळे हिमालयात बर्फ पडले आणि ते विक्षोभ पुढे सरकले, की मागून उत्तरेचे थंड वारे दक्षिणेकडे उतरतात. खानदेश, नाशिक व विदर्भ या भागांस त्यांचा स्पर्श आधी होतो.

डोंगरावर थंडी अधिक, हे वाक्य विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. ते अर्धेच खरे आहे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस या प्रमाणात उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर व महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. तेव्हा दुपारी महाबळेश्वर पुण्याहून चार-पाच अंशांनी थंड असावे हे या हिशेबास धरूनच होते. पहाटे मात्र हा हिशेब उलटतो. डिसेंबरातील सरासरी किमान तापमान पाहिल्यास पुणे हेच महाबळेश्वरहून थंड ठरते.

याचे कारण मुलांनाही समजण्याजोगे आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते. तिला लागून असलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्याप्रमाणे उतारावरून खोलगट भागाकडे ओघळते. त्यामुळे टेकडीचा माथा उबदार राहतो व दरीच्या तळाशी गारठा साचतो. महाबळेश्वरात गावातील तापमापक बराच वर असतानाही वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठलेले आढळतात, ते याचमुळे. निफाडसारख्या सपाट प्रदेशात थंडीची नोंद राज्यातील नीचांकांत जाऊन बसते, तिथेही निरभ्र आकाशाखाली जमीन अशीच निवते. तेथील बागाईतदार अशा पहाटे शेकोट्या पेटवून व बागेस पाणी देऊन द्राक्षांचे मणी तडकण्यापासून वाचवू पाहतात.

थंडीची लाट कशास म्हणावे, याचे मापही डोंगर व सपाटी यांस वेगवेगळे आहे. सपाटीवर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली उतरले आणि ते नेहमीच्या सरासरीहून किमान साडेचार अंशांनी कमी असले, म्हणजे ती थंडीची लाट होय. डोंगराळ प्रदेशासाठी पहिली मर्यादा शून्य अंशाची धरली जाते.

या काळातील खरा धोका समुद्राकडून येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोहोंत चक्रीवादळे उद्भवतात. ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यास धडकले. वादळ नसतानाही ओलसर वारे व वरच्या थरांतील थंड हवा यांची गाठ पडली तर गारा पडतात. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्याच्या काही भागांत अशाच अवकाळी पावसाने व गारपिटीने द्राक्षबागांची व कांद्याची हानी झाली. कडक थंडी एकाएकी ओसरून पहाट उबदार वाटू लागली आणि आकाशात ढग दिसू लागले, तर हवेत ओलावा आल्याची ती खूण समजावी व अधिकृत अंदाज पाहावा.

अंदाज म्हणजे भविष्यकथन नव्हे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. ते पुढे दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या वास्तूस ‘सिमला ऑफिस’ हे नाव राहिले. हे खाते जिल्हावार इशारे रंगांनी दर्शविते : हिरवा असल्यास चिंता नाही, पिवळा असल्यास लक्ष ठेवावे, नारिंगी असल्यास तयारीत राहावे, तांबडा असल्यास तत्काळ कृती करावी. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असे म्हटले असता आपल्या गावी थेंबही न पडणे शक्य आहे. म्हणून अंदाज खोटा ठरत नाही, हे शिक्षकाने समजावून सांगावे.

शाळेत यासाठी फारसा खर्च नको. सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तापमापक टांगावा. चौथीच्या वरच्या वर्गांतील मुलांनी रोज ठराविक वेळी तापमान, दव, वाऱ्याची दिशा आणि आकाशाच्या आठ भागांपैकी किती भाग ढगाळ आहे, हे वहीत टिपावे. डोंगरवाडीवरील एका शाळेने व खोऱ्यातील दुसऱ्या शाळेने महिनाभर एकाच वेळी नोंदी करून त्या परस्परांस पाठवाव्यात. थंड हवा खाली ओघळते हा धडा मग पाठ करावा लागणार नाही. कडाक्याच्या दिवसांत पहाटे वाडीवरून चालत येणाऱ्या मुलांच्या अंगावर पुरेसे वस्त्र आहे की नाही, हेही त्या नोंदींबरोबरच पाहिले जावे.

अखेरची सूचना अशी की, जिल्ह्यासाठी इशारा असेल त्या दिवशी तो शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर दोन ओळींत लिहावा व मुलांकडून वाचून घ्यावा. पुष्कळ घरी भ्रमणध्वनी असतो. परंतु खळ्यावर राबणाऱ्या माणसास तो पाहण्याची सवड नसते. तिसरीतील मुलीने घरी जाऊन ‘उद्या पाऊस संभवतो, भात झाका’ एवढे सांगितले आणि घरच्यांनी रात्रीच भाऱ्यांवर ताडपत्री ओढली, तर भूगोलाचा तो तास सार्थकी लागला असे समजावे.