पुनर्जन्माची शाळा
(पुणें शहरांत झालेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले मास्तर. मुलें कशीं शिकवावीं हें ट्रेनिंग कॉलेजांत शिकलों. आत्म्याची वाट आम्हांस तेथें कोणीं दाखविली नाहीं. तरी ॲनी बेझंटबाईंच्या लिखाणावर बोलतों, कारण एकेक जन्म म्हणजे शाळेची एकेक इयत्ता, ही थिऑसफी पंथांतली उपमा आमच्या धंद्यांतली आहे.

बाई लंडनच्या. १८८८ सालीं तेथील काड्यापेटीच्या कारखान्यांतल्या पोरींच्या संपास त्यांनीं हात दिला. १८८९ सालीं त्या थिऑसफींत शिरल्या, १८९२ सालीं पुनर्जन्मावर लहानसें पुस्तक लिहिलें, १८९३ सालीं हिंदुस्थानांत आल्या. त्यांचें म्हणणें असें कीं, आत्मा जन्मोजन्मीं अनुभव घेत वर चढतो. माणूस झालेला पुन्हां पशु होत नाहीं. चौऱ्यांशी लक्ष योनींचें भय घालून आमच्या वाडवडिलांकडून दक्षिणा उपटणाऱ्यांपेक्षां हें बरें. दुसऱ्याचें दुःख त्याच्या कर्माचें म्हणून स्वस्थ बसूं नये, असेंही त्या सांगतात. येथवर भांडण नाहीं.

भांडण पुढें आहे. समाजांत कांहीं आत्मे वरच्या इयत्तेंतले, कांहीं खालच्या, असें मानलें. बरें, आम्ही इयत्ता ठरवितों ती परीक्षा घेऊन. ही परीक्षा कोणीं घेतली? निकाल कोणीं पाहिला? जात पाहिली आणि इयत्ता ठरली!

फेब्रुवारी १९०९ च्या ‘इंडियन रिव्ह्यू’ मासिकांत बाईंनीं लिहिलें कीं, अस्पृश्यांच्या मुलांचीं शरीरें वरच्या वर्गांच्या मुलांशेजारीं शाळेंत बसण्यास योग्य होण्याला शुद्ध अन्नाच्या कांहीं पिढ्या लागतील. डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालच्या आपल्या ग्रंथांत हा लेख लोकांपुढें मांडला. त्याच पंथाच्या ऑल्कॉटसाहेबांनीं १८९४ सालीं मद्रासेजवळ अस्पृश्य मुलांकरितां शाळा काढली होती, हेंही सांगणें प्राप्त आहे. पण शेजारीं बसण्याचा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं.

आमच्या वर्गांत कुणब्याचीं मुलें शेण तुडवून येतात, कुंभाराचीं चिखल माखून येतात. बादलीभर पाणी दिलें कीं दहा मिनिटांत हातपाय स्वच्छ. पिढ्या कशाला लागतात?

आणि ही सभा पुण्यांत आहे. याच शहरांत जोतीराव फुल्यांनीं १८५२ सालीं महारमांगांच्या मुलांसाठीं शाळा उघडली. तेथली मांगाची मुलगी मुक्ता साळवे. आपल्या लोकांच्या दुःखावर तिनें लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रानें १८५५ सालीं छापला. बाईंचा लेख निघण्यास तेव्हां चोपन्न वर्षें अवकाश होता.