डुकरांचा खोकला आणि माणसांचा ताप



मलेशिया देशात सुंगाई निपाह नावाचे एक लहानसे गाव आहे. सुंगाई म्हणजे नदी आणि निपाह म्हणजे खाडीकाठी वाढणारे ताडाच्या जातीचे एक झाड. नाव ऐकायला गोड. पण आज हेच नाव ऐकले की डॉक्टर मंडळी सावध होतात. कारण १९९९ साली तेथील एका रोग्याच्या अंगात सापडलेल्या नव्या विषाणूला गावाचे नाव मिळाले. त्या निपाह विषाणूची हकीगत आज मी आपणाला सांगणार आहे.

१९९८ च्या सप्टेंबरात ईपोह शहराच्या आसपास डुकरे पाळणारी माणसे आजारी पडू लागली. आधी ताप आणि डोकेदुखी, मग गुंगी, आणि पुढे काहींना बेशुद्धी. मेंदूला सूज येत होती. डॉक्टरांनी अंदाज बांधला की हा जपानी मेंदूज्वर असावा. अंदाज वेडगळ नव्हता. त्या रोगाचा विषाणू डुकरांच्या रक्तात वाढतो आणि भातखाचरांतले डास तो माणसापर्यंत आणून पोचवतात. काही रोग्यांच्या रक्तात त्याच्या खुणाही आढळल्या. म्हणून सरकारने डासांसाठी धुरळणी केली, लोकांना लस टोचली. तरीही माणसे दगावतच राहिली.

आता शिक्षक मित्रांनी जरा इकडे कान द्यावा. रोग कोणाला होतो हे तर पाहायचेच, पण कोणाला होत नाही हेही पाहायचे असते. जपानी मेंदूज्वर बहुधा मुलांना गाठतो. येथे आजारी पडत होते ते कर्ते पुरुष, आणि तेही डुकरांना चारा-पाणी करणारे, औषध पाजणारे, गाडीत चढवणारे. अहो, डास काय माणूस पाहून चावतो? शेजारीच डुकरे न पाळणारी मुसलमान कुटुंबे राहत होती. डास त्यांनाही होते, पण हा ताप त्यांच्यात नव्हता. शिवाय लस घेतलेली माणसेही आजारी पडत होती. आणि डुकरे? जपानी मेंदूज्वरात मोठी डुकरे सहसा आजारी दिसत नाहीत. येथे तर ती धापा टाकत होती आणि कुत्रे भुंकावे तशी मोठमोठ्याने खोकत होती.

मलाया विद्यापीठातील चुआ कॉ बिंग या संशोधकांनी १९९९ च्या मार्चमध्ये एका रोग्याच्या पाठीच्या मणक्यातले पाणी घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घातले. पाहतात तो पेशी एकमेकींत मिसळून त्यांचे मोठे गोळे झालेले! जपानी मेंदूज्वराचा विषाणू असे करीत नाही. चुआ तो नमुना घेऊन अमेरिकेला गेले आणि तेथे उलगडा झाला. हा विषाणू अगदी नवा होता. त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे १९९४ साली ऑस्ट्रेलियात घोड्यांमध्ये सापडलेला हेंड्रा विषाणू.

निदान बदलले तसा उपायही बदलला. डासांमागे धावण्याऐवजी डुकरांपासून माणसांना दूर केले गेले. सैनिकांच्या मदतीने दहा लाखांहून अधिक डुकरे मारून पुरावी लागली. मे १९९९ पर्यंत साथ थांबली, पण तोवर २६५ माणसे आजारी पडून त्यांतली १०५ गेली होती.

मग हा विषाणू आला कोठून? डुकरांच्या वाड्यांलगत आंब्यासारखी फळझाडे होती. त्यांवर मोठी फळखाऊ वटवाघळे येत. त्यांची उष्टी फळे आणि लघवी खाली वाड्यात पडे. डुकरांनी ती फळे खाल्ली आणि रोग त्यांच्यात शिरला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. पुढे चुआ आणि त्यांच्या सोबत्यांनी झाडांखाली प्लास्टिकचे कापड अंथरून वटवाघळांची लघवी गोळा केली आणि तीत हाच विषाणू शोधून काढला.

आणि ईपोहकडचा रोग दक्षिणेत दूर कसा पोचला? विक्रीच्या डुकरांबरोबर. साथ आली की भाव पडतो. माल हातचा जाण्याआधी विकून टाकावा असे पाळणाऱ्याला वाटते. त्याला नावे ठेवू नका. ज्याचे पोट जनावरावर आहे त्याची ती धडपड असते. परंतु भरपाईची खात्री नसेल तर आजारी जनावर लपवले जाते आणि बाजारात जाते, हा धडा सरकारने आणि आपणही घेण्याजोगा आहे.

तापातून उठलेल्यांची कहाणीही तेथेच संपली नाही. काहींना पुढे फार दिवस थकवा राहिला, काहींची आठवण कमी झाली, काहींना उदासपणाने ग्रासले. ज्यांची जनावरे गेली त्यांचा तर आधारच तुटला. साथीत शरीराची विचारपूस सगळे करतात; मनाची कोण करतो? ज्या घरात असा आजार किंवा असे नुकसान झाले, तेथे शेजाऱ्याने जाऊन बसावे. माणूस जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, असे दिसले तर ‘खुळावला’ म्हणून सोडून देऊ नये. आपल्या देशात १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिफोनने मोफत सल्ला मिळतो. आरोग्य केंद्रात मनाचे दुखणे सांगण्यात लाज कसली?

आपण म्हणाल, मलेशियाचे आम्हाला काय? तर २००१ साली सिलिगुडीत आणि २०१८ साली केरळात कोळिकोड भागात हाच रोग दिसला. तेथे मात्र डुकरांचा संबंध नव्हता. केरळच्या रोगाचे निदान आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने पक्के केले. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांतही या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये संस्थेला आढळली आहेत. म्हणून घाबरून वटवाघळे मारू नका. ती फुलांचे परागण करतात, बी पसरवतात. उष्टे, चोचलेले फळ खाऊ नका आणि मुलांना खाऊ देऊ नका. डुकरांचा वाडा फळझाडाखाली बांधू नका. जनावरे एकाएकी खोकू लागली तर बाजार गाठण्याआधी पशुवैद्याला गाठा. या रोगावर माणसांसाठी मान्यता मिळालेली लस अजून नाही, तेव्हा लवकर कळवणे हेच मोठे औषध.

शिक्षक मित्रांनी वर्गात ही गोष्ट सांगावी आणि मुलांना विचारावे: डास सगळ्यांना चावत होते, मग ताप थोड्यांनाच का? हा प्रश्न वेळेवर आणि मोठ्याने विचारला गेला असता, तर त्या १०५ मधली काही माणसे आज आपल्या घरी असती.