डाएट संपल्यानंतर
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



मी आहारतज्ज्ञ आहे म्हटलं की इथे ऑकलंडमध्ये आपली माणसं हमखास विचारतात, "वजन कसं उतरवू?" पण "उतरल्यावर काय खाऊ?" असं क्वचितच कुणी विचारतं. खरी परीक्षा तर तिथेच असते.

अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सरासरी ५८ किलो वजन उतरलं होतं, त्यातलं ४१ किलो परत आलं होतं. शिवाय नुसतं बसून असताना शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणजे सगळा दोष जिभेचा नाही. उपासमार झाली की शरीरही काटकसर करतं.

म्हणून जुन्या ताटावर एकदम जाऊ नका. आधी रोज एकच पोळी वाढवा, दोन आठवडे थांबा, मग अर्धी वाटी भात किंवा इथला कुमारा, म्हणजे आपलं रताळंच. वरण, उसळ, दही मात्र कमी करू नका. वजन आठवड्यातून एकदाच बघा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी जीपींना विचारा.

आणि फराळ? जरूर खा! पण बशीत वाढून घ्या, डब्यातून नको. इथे दिवाळीत संध्याकाळी सातनंतरही उजेड असतो. जेवण झालं की सगळे मिळून फिरून या.

शुभ दीपावली!