दुधाच्या गाडीचा धडा

शहराचें पोट रोज भरावें लागतें. दूध, भाजी, धान्य, औषधें, वह्या-पुस्तकें गोदामांतून दुकानांत आणि दुकानांतून घरांत पोंचतात, तेव्हां कोठें संसार चालतो. हा भार वाहणाऱ्या गाड्या अलीकडे विजेवर धांवूं लागल्या आहेत, आणि ही एक अपूर्व गोष्ट आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ही कल्पना बरीच जुनी आहे. ती पूर्वीं कोठें यशस्वी झाली आणि पुढें कां मावळली, हें पाहिल्यास आजच्या प्रश्नाचें मर्म ध्यानांत येतें. त्यासाठीं श्रोत्यांनीं क्षणभर गेल्या शतकांतील ब्रिटनमधील एखाद्या गांवाची पहांट डोळ्यांपुढें आणावी.

गल्ली अद्याप निजलेली आहे. दूधवाला दारोदारीं बाटल्या ठेवीत चालला आहे. पूर्वीं त्याची गाडी घोडा ओढी. घोड्यास फेरी पाठ झालेली असे. धनी एका दारीं बाटली ठेवीपर्यंत तो आपण होऊन पुढच्या दारापाशीं जाऊन उभा राही. घोड्याची ही जागा पेट्रोलच्या मोटारीस नीट घेतां येईना. दर वीस पावलांवर थांबावयाचें आणि थांबल्यावरहि इंजिनानें तेल जाळीत राहावयाचें, हा व्यवहार तोट्याचा होता. शिवाय तिच्या आवाजानें सारी आळी जागी व्हावयाची! विजेची गाडी थांबली कीं तिचा खर्चहि थांबे. जागचें हलतांना जो जोर लागतो, तो विजेचें यंत्र पहिल्या क्षणापासून देतें. वेग ताशीं पंधरा-वीस मैलांचा आणि पल्ला बेताचा. पण फेरीच लहान व ठराविक, म्हणून ही उणीव कोणास जाणवत नसे. फेरी आटोपली कीं शिशाच्या बॅटऱ्या पुन्हां भरण्यास लावीत, आणि दुसऱ्या पहांटे गाडी सज्ज असे. लंडनच्या हॅरॉड्झ या नामांकित दुकानानेंहि १९३० नंतरच्या दशकांत आपला माल घरोघर पोंचविण्यासाठीं अशा गाड्या स्वतः बांधविल्या. १९६७ सालीं तर बाकीच्या सर्व जगांत मिळून नव्हत्या इतक्या बॅटरीच्या गाड्या एकट्या ब्रिटनच्या रस्त्यांवर होत्या असें सांगितलें गेलें, आणि त्यांत बहुतेक दुधाच्याच होत्या.

पुढें त्या दिसेनाशा कां झाल्या? यंत्र सदोष ठरलें म्हणून नव्हे. घरोघर शीतकपाटें आलीं, मोठ्या दुकानांत दूध स्वस्त मिळूं लागलें आणि कुटुंबें स्वतःच्या मोटारींतून आठवड्याचा बाजार करूं लागलीं. एकेक गिऱ्हाईक गळूं लागलें, तसतसें तितक्याच बाटल्यांसाठीं गाडीस अधिक रस्ता तुडवावा लागला. गाडी मोडली नाहीं, फेरी मोडली.

फेरीचें हें महत्त्व मुंबईकरांस निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. १८९० पासून चालत आलेली डबेवाल्यांची व्यवस्था त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मुंबईंत विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं प्रथम धांवली. पुढें उपनगरांतील गाड्या विजेवर चालूं लागल्या आणि घरचा डबाहि विजेच्या बळावर कचेरींत पोंचूं लागला. स्टेशनाच्या अलीकडे आणि पलीकडे सायकल, हातगाडी व माणसाचे पाय. एका डब्यासाठीं एक माणूस धांवत नाहीं; अनेकांचे डबे एकत्र येतात, ठरल्या वेळीं निघतात आणि ठरल्या ठिकाणीं वांटले जातात. या व्यवस्थेची काटकसर एकत्र करण्यांत आहे.

आजची विजेची मालगाडी त्या दुधाच्या गाडीहून पुष्कळ सुधारलेली आहे. शिशाच्या जागीं हलकी लिथियमची बॅटरी आली आहे. ब्रेक लावतांना वाया जाणाऱ्या शक्तीचा कांहीं भाग परत बॅटरींत साठवितां येतो. सुमारें ५०० किलो माल नेणाऱ्या तीनचाकी गाड्या भारतीय शहरांच्या गल्ल्यांतून सहज फिरतात. दिल्ली सरकारनें २०२१ सालीं अशा हलक्या मालगाड्यांस, इतर मालगाड्यांना ठराविक वेळीं बंदी असलेल्या सुमारें २५० रस्त्यांवर मोकळीक दिली. महाराष्ट्र शासनानेंहि त्याच वर्षीं विजेच्या वाहनांचें आपलें धोरण जाहीर केलें.

तथापि वीज म्हणजे निर्दोषता नव्हे. भारतांतील बहुतांश वीज अजून कोळशापासून होते. गल्लींतला धूर नाहींसा होतो, परंतु त्याचा कांहीं भाग दूरच्या एखाद्या गांवाच्या माथ्यावर जातो. टायरांची धूळ उडावयाची ती उडतेच. शिवाय कर्ज काढून गाडी घेणाऱ्या चालकाचा तासभर बॅटरी भरण्यासाठीं रांगेंत गेला, तर तेवढी त्याची कमाई बुडते. म्हणून गोदामाजवळ रात्रीं बॅटरी भरण्याची सोय आणि बाजारांत माल उतरविण्यास राखीव जागा, या दोन साध्या गोष्टी गाडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आणि शेवटीं प्रश्न येतो तो घराच्या उंबरठ्यावर. सकाळीं साबण, दुपारीं बिस्किटें आणि सायंकाळीं दोऱ्याचें एक रीळ, प्रत्येक जिन्नस कांहीं मिनिटांत दारांत हवा असें एकच कुटुंब म्हणूं लागलें, तर एका फेरीच्या तीन खेपा होतात. मग गाडी विजेची असो वा तेलाची, रस्ता तितकाच दाटतो आणि ती हांकणाऱ्या तरुणाचा जीव तितकाच टांगणीस लागतो. याउलट चार दिवसांच्या गरजा एका यादींत आल्या आणि एकाच इमारतींतील दहा घरांचा माल एकाच खेपेस आला, तर दुधाच्या गाडीची मोडलेली फेरी पुन्हां जुळते. गाडी कोणत्या शक्तीनें चालावी हें कारखानदार ठरवील. ती किती वेळां धांवावी, हें मात्र स्वयंपाकघरांतील त्या यादीवर अवलंबून आहे.